सीआरपीचा आकडा आणि न मोजलेला श्वास

रक्ततपासणीचे अहवाल हल्ली डॉक्टरांच्या राउंडआधीच नातेवाइकांच्या मोबाइलवर येऊन पडतात, त्यामुळे निवृत्त होऊनही माझा फोन वॉर्डच्या वेळापत्रकानुसार वाजतो. काही काळापूर्वी माझ्या भाचीच्या सासऱ्यांवर नागपुरातच जठराच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. जठराचा खालचा मोठा भाग काढून उरलेला भाग लहान आतड्याला जोडण्यात आला. तिसऱ्या दिवशी भल्या सकाळी तिचा फोन आला. ‘मावशी, सीआरपी १६४ आला न, लाल रंगात दाखवून राहिला. बाजूला नॉर्मल पाचच्या आत लिहिलं आहे. बिघडलं का गं काही?’ सीआरपी म्हणजे शरीरात दाह झाला की रक्तात वाढणारे एक प्रथिन. मी तिला उलट विचारले, की त्यांचा श्वास मिनिटाला किती चालतो आहे आणि नाडी कालच्यापेक्षा वाढली आहे की उतरली आहे. तिला ते सांगता येईना, आणि त्यात तिचा दोष नव्हता. श्वासाचा आकडा मोबाइलवर येत नाही.

फोनवर दिलेले माझे उत्तर त्रोटक होते, म्हणून ते इथे सविस्तर लिहीत आहे. मी अनेक वर्षे नागपुरातल्या शस्त्रक्रियेच्या वॉर्डांत परिचारिका म्हणून काम केले आणि पुढे नर्सिंगच्या विद्यार्थिनींना शिकवले. शस्त्रक्रिया करणाऱ्याची नजर मला नाही; रात्रपाळी करणारीची आहे. जठराच्या शस्त्रक्रियेनंतर कोणाला गुंतागुंत होईल हे आधी ओळखण्यासाठी आज रक्तातले घटक आहेत, गुणांकन-पद्धती आहेत आणि संगणकी मॉडेलेही आहेत. या सगळ्यांत सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित असे जे आहे, ते म्हणजे खाटेशेजारी उभे राहून पूर्ण मिनिटभर मोजलेला श्वास, आणि तो वाढलेला दिसल्यावर कोणाला तरी उठवण्याची मुभा. माझे म्हणणे एवढेच आहे, पण ते पटण्यासाठी आधी आकड्यांचा हिशेब नीट लावावा लागेल.

ही शस्त्रक्रिया तशी जुनी आहे. थिओडोर बिलरोथ यांनी व्हिएन्नात २९ जानेवारी १८८१ रोजी जठराचा कर्करोगग्रस्त भाग काढून उरलेला भाग यशस्वीपणे जोडला. ती रुग्ण शस्त्रक्रियेतून सावरली, पण सुमारे चार महिन्यांनी आजार उलटून दगावली. १८८५ मध्ये त्यांनीच दुसरी पद्धत वापरली, जिच्यात लहान आतड्याच्या पहिल्या भागाचे, म्हणजे ड्युओडेनमचे तोंड शिवून बंद करतात आणि जठर आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. १८९७ मध्ये झुरिकला कार्ल श्लाटर यांनी संपूर्ण जठर काढून अन्ननलिका थेट आतड्याला जोडली. आज दिसणाऱ्या गुंतागुंतींची मुळे याच रचनेत आहेत. अन्ननलिकेला आतड्यासारखे बाहेरचे चिवट आवरण नसते, म्हणून संपूर्ण जठर काढल्यावरचा तिथला जोड विशेष नाजूक राहतो. ड्युओडेनमचे टोक बंद असले तरी त्यात पित्त आणि स्वादुपिंडाचा रस उतरतच राहतो, आणि पुढे अडथळा आला तर त्या टोकावर दाब पडून तेही फुटू शकते. कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत जठराभोवतालच्या लसिकाग्रंथी काढाव्या लागतात. त्यांतल्या अनेक स्वादुपिंडाच्या वरच्या कडेला चिकटून असतात, आणि त्या सोडवताना स्वादुपिंडाला झालेली बारीकशी इजासुद्धा पाचक रस पोटात झिरपायला पुरेशी ठरते. शिवाय पोटाच्या वरच्या भागातल्या जखमेमुळे रुग्ण खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, आणि फुप्फुसाच्या तळाशी कफ साचून न्यूमोनिया होतो.

रक्तस्राव बहुधा पहिल्या चोवीस तासांत कळतो, फुप्फुसाची तक्रार त्यानंतरच्या दोनचार दिवसांत, आणि जोड गळण्याचा प्रकार बहुतेक वेळा तिसऱ्या दिवसापासून पुढच्या आठवडाभरात. अडचण अशी, की गळती पहिल्या दिवसांत फारशी बोलत नाही. पोट तर शस्त्रक्रियेमुळे दुखतच असते, वेदनाशामक औषधे चालू असतात, ताप थोडाफार सगळ्यांनाच येतो, आणि शरीर रक्तदाब शेवटपर्यंत टिकवून धरण्याची पराकाष्ठा करते. रक्तदाब खाली येतो तेव्हा दुखणे बरेच पुढे गेलेले असते. गुंतागुंतीची तीव्रता मोजण्यासाठी २००४ पासून जगभर क्लाव्हियें-डिंडो वर्गीकरण वापरतात. त्यात पहिल्या दोन श्रेणींत किरकोळ उपायांवर, औषधांवर किंवा रक्त देण्यावर भागते. तिसऱ्या श्रेणीत नळी घालणे, दुर्बिणीने उपचार करणे किंवा पुन्हा शस्त्रक्रिया करणे लागते. चौथीत अवयव निकामी होऊन आयसीयू लागते, आणि पाचवी म्हणजे मृत्यू. लवकर ओळखण्याचा सारा खटाटोप दुसरी किंवा तिसरी श्रेणी चौथीपर्यंत जाऊ नये यासाठी आहे. यकृताजवळ साचलेला पू सोनोग्राफीच्या मदतीने नळी घालून काढणे आणि तोच पू पोटभर पसरल्यावर मध्यरात्री पोट उघडणे, या दोन गोष्टींत कधी कधी जेमतेम दीड दिवसाचे अंतर असते.

आता सीआरपी. हे प्रथिन यकृतात तयार होते आणि शरीरात कुठेही दाह झाला की काही तासांत वाढू लागते. शस्त्रक्रिया हाच मोठा दाह असल्यामुळे ते प्रत्येकाचे वाढते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिखर गाठते आणि सगळे सुरळीत असेल तर उतरू लागते. रक्तातले त्याचे अर्धे प्रमाण नाहीसे व्हायला सुमारे १९ तास लागतात, म्हणून त्याचा उतार रोजच्या तपासणीत स्पष्ट दिसायला हवा. अहवालातला ‘नॉर्मल’ हा निरोगी माणसाचा असतो; पोट उघडलेल्या माणसाच्या तिसऱ्या दिवसाला तो लावण्यात अर्थ नाही, आणि लाल रंगाला तर मुळीच नाही. वेगवेगळ्या अभ्यासांनी तिसऱ्या किंवा चौथ्या दिवसासाठी लिटरला साधारण १५० ते २०० मिलिग्रॅमच्या आसपास धोक्याच्या रेषा ओढल्या आहेत, पण एकच सर्वमान्य रेषा नाही. एक व्यवहारातली गोष्ट इथेच सांगते: काही प्रयोगशाळा हा आकडा लिटरला देतात आणि काही डेसिलिटरला, त्यामुळे एकीकडचे १८ म्हणजे दुसरीकडचे १८० असतात. रुग्ण एका रुग्णालयातून दुसरीकडे हलवला की हा घोळ नक्की होतो, आणि ‘एका रात्रीत दहापट वाढलं’ म्हणून घरचे लोक हादरतात.

या तपासणीचा खरा उपयोग कोणता, हे समजण्यासाठी मी विद्यार्थिनींना फळ्यावर एक कल्पित हिशेब मांडून दाखवत असे. समजा १०० जणांची शस्त्रक्रिया झाली आणि त्यांच्यापैकी १० जणांच्या पोटात पुढे संसर्गाची गुंतागुंत होणार आहे. समजा तपासणी त्या दहांपैकी आठजणांना बरोबर पकडते, आणि उरलेल्या ९० ठणठणीत लोकांपैकी २० जणांना विनाकारण संशयित ठरवते. म्हणजे संशयित २८, आणि त्यांच्यात खरोखर आजारी आठच. ज्याचा आकडा वाढला त्याला गुंतागुंत झालीच, असे म्हणणे त्यामुळे चुकीचे आहे. वाढलेल्यांपैकी बहुतेकांना काहीच होत नाही. उलट बाजूने पाहा. आकडा कमी आलेले ७२, आणि त्यांच्यापैकी ७० खरोखर बरे. म्हणजे कमी आकड्याचा भरवसा ९७ टक्के, आणि वाढलेल्या आकड्याचा तीसही नाही. प्रत्यक्ष अभ्यासांत आकडे बदलतात, पण ढाचा हाच राहतो: चौथ्या दिवशीचा उतरलेला सीआरपी हा तोंडाने खाणे वाढवायला आणि घरी सोडायला धीर देतो, तर चढलेला सीआरपी फक्त एवढेच सांगतो की रुग्णाकडे पुन्हा एकदा, अधिक बारकाईने पाहा. प्रोकॅल्सिटोनिन नावाची महागडी तपासणीही याच कामासाठी करतात, आणि पांढऱ्या पेशींची संख्या तर सगळेच पाहतात. ती मात्र एकटी फार मागे राहते.

ड्रेनची, म्हणजे पोटात साचणारे पाणी बाहेर काढणारी नळी या बाबतीत वॉर्डातली जुनी साक्षीदार आहे, पण तिची साक्ष नेहमी खरी नसते. नळीतून येणारे पाणी लालसर-पिवळे आणि दिवसेंदिवस कमी होत जाणारे असेल तर ठीक. ते गढूळ झाले, हिरवट झाले किंवा खाणे सुरू केल्यावर दुधाळ दिसू लागले, तर प्रत्येकाचा अर्थ वेगळा असतो. त्या पाण्यातले अमायलेज, म्हणजे स्वादुपिंडाच्या रसातले पाचक द्रव्य, तपासले तर स्वादुपिंडाची गळती नजरेला दिसण्याआधीच कळते. तिसऱ्या दिवशी किंवा त्यानंतर ते रक्तातल्या सामान्य मर्यादेच्या तिपटीहून अधिक असणे हा त्या निदानाचा आंतरराष्ट्रीय निकष आहे, आणि पहिल्याच दिवशी ते खूप चढलेले असेल तर पुढचा धोका वाढलेला समजतात. मात्र नळी गुठळीने बंद पडली असेल तर बाटली रिकामी राहते आणि नातेवाईक खूश होतात. आणखी एक गोष्ट विद्यार्थिनींच्या वहीत मी लाल शाईने लिहवून घेत असे: सगळे ठीक चालले असताना आठवड्याभराने नळीतून अचानक थोडे ताजे रक्त आले आणि थांबले, तर ‘थांबलं ना’ म्हणून गप्प बसायचे नाही. स्वादुपिंडाचा रस शेजारची रक्तवाहिनी पोखरत असेल तर मोठ्या रक्तस्रावाआधी असा लहान इशारा मिळतो, आणि तो मिळाल्यावर हातात काही तासच असू शकतात. नवी मार्गदर्शक तत्त्वे तर सरसकट ड्रेन ठेवूच नये असे सुचवतात, म्हणजे ही साक्षही पुढे अनेकांच्या बाबतीत असणार नाही.

मग उरतो तो रुग्ण स्वतः. वॉर्डातला कोणताही तक्ता उघडून पाहा. श्वासाच्या रकान्यात २०, २०, १८, २० असे लिहिलेले असते. सरकारी आणि खासगी, दोन्हीकडे मी हे पाहिले आहे. याचे कारण आळस एवढेच नाही. वॉर्डात फिरवतात ते यंत्र रक्तदाब, नाडी आणि ऑक्सिजन दाखवते, श्वास दाखवत नाही. तो मोजायला पूर्ण मिनिट उभे राहावे लागते, आणि रात्री एका सिस्टरकडे तीस-चाळीस खाटा असल्या तर ते मिनिट कुठून आणायचे, हा प्रश्न खरा आहे. पण पोटात संसर्ग सुरू झाला की रक्तात आम्ल वाढू लागते आणि ते बाहेर टाकण्यासाठी शरीर आधी श्वासाची गती वाढवते. न्यूमोनियातही तेच, फुप्फुसात गुठळी अडकली तरी तेच. म्हणजे या शस्त्रक्रियेनंतरच्या बहुतेक गंभीर गुंतागुंतींचा पहिला सामाईक पुरावा ज्या रकान्यात उमटतो, तोच रकाना आपण अंदाजाने भरतो. श्वास मोजण्याची जुनी रीत अशी, की मनगट धरून नाडी मोजतो आहोत असे भासवावे आणि नजर छातीवर ठेवावी, कारण श्वास मोजतात हे कळले की माणूस तो बदलतो. अर्धे मिनिट मोजून दुप्पट करण्याची सवयही इथे बरी नव्हे. श्वास अनियमित असेल तर ती फसवते.

ऑक्सिमीटरवर विसंबणारे इथे हटकून चुकतात. नाकात ऑक्सिजनची नळी लावलेला रुग्ण मिनिटाला २८ श्वास घेत असतानाही बोटावरचे यंत्र ९८ दाखवू शकते, कारण तो धापा टाकूनच ते ९८ टिकवत असतो. नाडीचेही काही सापळे आहेत. वेदना, शरीरातले पाणी कमी होणे, रक्त कमी असणे, यांनी ती वाढते, त्यामुळे एकदा १०४ दिसली म्हणून लगेच सीटी स्कॅन करत नाहीत. पण वेदना आटोक्यात आणून आणि सलाइन देऊनही ती शंभराच्या खाली येत नसेल तर तिला कारण असते. रक्तदाबासाठी ॲटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल घेणाऱ्या माणसाची नाडी मात्र मोठ्या संसर्गातही ८८ वर शांत बसलेली असू शकते. आणि वृद्ध माणसाला ताप येत नाही, तो असंबद्ध बोलू लागतो. ‘आजोबा रात्रभर गावच्या गोष्टी सांगत होते’ हे वाक्य मी सकाळच्या चार्ज देण्या-घेण्याच्या वेळी हसत सांगितलेले ऐकले आहे. ते हसण्यावारी नेण्याचे वाक्य नव्हे.

ब्रिटनमधल्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्स या संस्थेने २०१२ मध्ये या साध्या निरीक्षणांना गुण देण्याची ‘न्यूज’ नावाची पद्धत आणली आणि २०१७ मध्ये ती सुधारली. श्वास, ऑक्सिजन, रक्तदाब, नाडी, शुद्ध आणि तापमान यांना प्रत्येकी शून्य ते तीन गुण, आणि वरून ऑक्सिजन लावलेला असेल तर आणखी दोन. आता चौथ्या दिवसाचा एक रुग्ण कल्पनेत घ्या. ताप ३७.८ सेल्सिअस, म्हणजे आपल्या तक्त्यात १०० फॅरनहाइट. त्याला शून्य गुण. वरचा रक्तदाब ११८, शून्य. शुद्ध पूर्ण, शून्य. ऑक्सिजन न लावता ९४ टक्के, एक गुण. नाडी ११२, दोन. श्वास २४, दोन. बेरीज पाच, आणि पाच म्हणजे डॉक्टरांनी तातडीने येऊन पाहावे अशी पातळी. ताप नाही, बीपी छान, बोलतोही नीट, म्हणून राउंडमध्ये ‘ठीक आहे’ म्हटला गेला असता असा हा माणूस आहे. आता याच तक्त्यात श्वासाच्या जागी सवयीने २० लिहा. बेरीज तीनवर येते आणि रात्र शांततेत जाते.

या गुणांचा एक उपयोग पुस्तकांत फारसा लिहिलेला नसतो, तो मला सर्वांत मोलाचा वाटतो. पहाटे तीन वाजता नुकतीच नोकरीला लागलेली सिस्टर निवासी डॉक्टरला फोन करून ‘सर, पेशंट बरा दिसत नाही’ म्हणते, तेव्हा तिला ‘म्हणजे नक्की काय?’ असा प्रश्न येतो आणि ती अडखळते. ‘सर, स्कोअर दोनवरून सहावर गेला’ असे म्हटले की अडखळण्याचे कारण राहत नाही. तोच आकडा निवासी डॉक्टरला त्याच्या वरिष्ठांना उठवण्याचे बळ देतो. आपल्याकडची वॉर्डातली उतरंड ज्यांनी पाहिली आहे त्यांना यातला फरक समजेल.

धोक्याचा अंदाज अर्थात शस्त्रक्रियेच्या आधीच सुरू होतो, आणि तिथे थोडे फार हातातही असते. जठराच्या तोंडाशी अडथळा आलेला माणूस महिनोन् महिने उलट्या करून वाळलेला असतो. सहा महिन्यांत वजन दहा टक्क्यांहून अधिक घटले असेल, किंवा रक्तातले अल्ब्युमिन हे प्रथिन डेसिलिटरला तीन ग्रॅमच्या खाली असेल, तर शस्त्रक्रिया थोडी पुढे ढकलूनही सात ते चौदा दिवस पोषण द्यावे असे पोषणतज्ज्ञांची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. जपानमध्ये ओनोडेरा यांनी १९८४ मध्ये अल्ब्युमिन आणि लिम्फोसाइट पेशी यांचा एक सोपा निर्देशांक मांडला, तो आजही वापरात आहे. मात्र अल्ब्युमिन आहाराइतकेच दाहावरही अवलंबून असते, म्हणून अंड्यांची पावडर दिली आणि आकडा वाढला असे सहसा होत नाही. आपल्याकडची वेगळी गोष्ट म्हणजे खर्रा, तंबाखू-सुपारीचे चघळायचे मिश्रण. ‘सिगारेट-विडी?’ असे विचारले की विदर्भातला माणूस प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतो, कारण खर्रा त्याच्या हिशेबी व्यसनात मोडतच नाही. पान-तंबाखूचा प्रश्न त्याच शब्दात वेगळा विचारावा लागतो. दुसरी गोष्ट सिकलसेल या तांबड्या रक्तपेशींच्या आनुवंशिक आजाराची. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा या बाजूंनी आलेल्या रुग्णाची ही तपासणी आधी झालेली असावी, कारण शस्त्रक्रियेनंतर ऑक्सिजन आणि पाणी कमी पडल्यास या रुग्णाच्या छातीत जो त्रास सुरू होतो तो हुबेहूब न्यूमोनियासारखा दिसतो. परदेशी गुणांकन-पद्धतींत या दोन्ही गोष्टींसाठी रकाना नसतो.

शस्त्रक्रियेचा आवाका हाही धोक्याचा भाग आहे. नेदरलँड्समधल्या मोठ्या चाचणीत, १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, लसिकाग्रंथी अधिक व्यापकपणे काढलेल्या गटात गुंतागुंत ४३ टक्के आणि मृत्यू १० टक्के होते. मर्यादित शस्त्रक्रियेच्या गटात ते २५ आणि ४ टक्के. व्यापक गटात अनेकांची प्लीहा आणि स्वादुपिंडाचे शेपूट काढले गेले होते, हे त्याचे एक मोठे कारण. आणि तरीही पंधरा वर्षांनी कर्करोगाने झालेले मृत्यू व्यापक गटातच कमी निघाले, ३७ विरुद्ध ४८ टक्के. आज तीच व्यापक शस्त्रक्रिया प्लीहा आणि स्वादुपिंड राखून करतात. म्हणून ‘धोका कमी असलेली शस्त्रक्रिया करा’ असे नातेवाइकांनी म्हणणे समजण्यासारखे असले तरी ती मागणी दर वेळी रुग्णाच्या हिताची नसते.

संगणकी मॉडेलांबद्दल हल्ली मला नेहमी विचारतात, कारण भाचीच्या मुलाची पिढी तेच शिकते आहे. शस्त्रक्रियेआधीचे आजार, शस्त्रक्रियेतला रक्तस्राव, नंतरचे रक्ताचे अहवाल, सीटीवरून मोजलेले स्नायूंचे प्रमाण, हे सगळे एकत्र करून धोक्याची टक्केवारी काढणारी मॉडेले अनेक आहेत. त्यांची गुणवत्ता बहुधा एका आकड्याने सांगतात: गुंतागुंत झालेला एक आणि न झालेला एक असे दोन रुग्ण उचलले, तर मॉडेल पहिल्याला जास्त धोका किती वेळा देते. ०.५ म्हणजे छापा-काटा, १ म्हणजे अचूक. पण हा आकडा चांगला असूनही टक्केवारी खोटी असू शकते. ज्या शंभर जणांना मॉडेल वीस टक्के धोका सांगते त्यांच्यापैकी खरोखर वीसजणांना गुंतागुंत झाली का, हे वेगळे तपासावे लागते, आणि ते आपल्या रुग्णांवर तपासावे लागते. या विषयावरचे बरेचसे काम जपान, कोरिया आणि चीनमधून येते. कोरियात चाळिशीनंतर दर दोन वर्षांनी जठराची तपासणी करण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे, त्यामुळे तिथे निम्म्याहून अधिक रुग्ण सुरुवातीच्या अवस्थेत सापडतात. आपल्याकडे बालाघाट किंवा एटापल्लीहून येणारा रुग्ण वजन घटून, रक्त कमी होऊन, उलट्या सुरू झाल्यावर येतो. तिकडच्या सरासरीवर शिकलेले मॉडेल त्याला जी टक्केवारी देईल ती बहुधा कमीच असेल. आणि माझी मुख्य हरकत याहून साधी आहे. या मॉडेलांना खाटेजवळची निरीक्षणे पुरवायची तर ती आपल्याच तक्त्यांतून येणार, आणि तिथे सगळ्यांचा श्वास २० आहे. मग संगणक श्वासाचा काही उपयोग नाही असेच शिकेल, आणि आकडेवारीच्या दृष्टीने तो बरोबर असेल.

अंदाज बरोबर निघाल्यावर पुढे काय होते, यावर सगळे अवलंबून असल्याचा पुरावा २००९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. घाफेरी, बर्कमायर आणि डिमिक यांनी अमेरिकेतल्या ८४,७३० रुग्णांच्या नोंदी पाहिल्या. मृत्यूचे प्रमाण सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त असलेल्या रुग्णालयांत गुंतागुंतींचे प्रमाण जवळपास सारखेच होते; फरक होता तो गंभीर गुंतागुंत झाल्यावर किती दगावले यात, एकीकडे १२.५ टक्के आणि दुसरीकडे २१.४ टक्के. नागपूरपुरते बोलायचे तर मी नातेवाइकांना शस्त्रक्रियेआधी विचारायला सांगते ते प्रश्न याच अंगाने असतात: रात्री सीटी स्कॅन होतो का, सोनोग्राफीच्या मदतीने नळी घालणारे रेडिओलॉजिस्ट रविवारी येतात का, आयसीयूत खाट राखून असते का. शल्यविशारदाच्या पदव्या विचारायला कोणी विसरत नाही, हे मात्र कोणी विचारत नाही.

भाचीच्या सासऱ्यांचा सीआरपी चौथ्या दिवशी ११८ आणि पुढे आणखी खाली आला, श्वास तिनेच मोबाइलचे घड्याळ लावून मोजला, आणि यथावकाश त्यांना सुट्टी झाली. ते शहरातच राहतात. गडचिरोलीचा रुग्ण मात्र सुट्टीनंतर दीडशे किलोमीटरहून अधिक दूर जातो, आणि काही गळती व पू घरी गेल्यावरच कळतात. थांबत नसलेली उचकी, डाव्या खांद्याच्या टोकाशी दुखणे, चालताना नव्याने लागणारी धाप, थंडी वाजून ताप, नळीच्या जुन्या जागेतून पाणी येणे, यांपैकी काहीही झाले तर गावातल्या डॉक्टरांकडे सलाइन लावून वाट पाहू नये; त्याच दिवशी शस्त्रक्रिया झालेल्या ठिकाणी फोन करावा. त्यासाठी सुट्टीच्या कार्डावर वॉर्डचा चालू असलेला नंबर, शेवटच्या सीआरपीचा आकडा त्याच्या एककासह, ड्रेनमधले शेवटचे अमायलेज आणि घरी निघतानाची नाडी व श्वास एवढे लिहून मागावे. जिल्हा रुग्णालयातल्या डॉक्टरला रात्री तुलना करायला नेमके तेवढेच लागते.